समुपदेशनानं फरक पडतोय का? मोजायचं साधन कसं निवडायचं

मानसशास्त्रात एम.ए. करून कोल्हापुरात नुकतेच कामाला लागलेले समुपदेशक साधारण तीन-चार ठिकाणी दिसतात. कुणी राजारामपुरीत एखाद्या मनोविकारतज्ज्ञांच्या दवाखान्यात शेजारच्या खोलीत बसतं, कुणी शाळा-कॉलेजात असतं, कुणी इचलकरंजी-शिरोळ भागात काम करणाऱ्या संस्थेत. चौथ्या-पाचव्या भेटीपर्यंत या सगळ्यांना एक प्रश्न हमखास येतो. घरचे दारातच गाठतात आणि विचारतात, "मॅडम, फरक पडतोय न्हवं?" आपण "हो, बराच" म्हणून मोकळे होतो. कशावरून, असं कुणी विचारलं तर मात्र पंचाईत होते. मागच्या वेळी हसून बोलला, एवढंच हाताशी असतं.

निव्वळ अंदाजावर भिस्त ठेवू नये याला कारण आहे. २००५ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थेरपिस्टना विचारलं होतं, तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी उपचार चालू असताना कुणाची अवस्था बिघडेल? ५५० जणांपैकी त्यांनी ३ जणांवर बोट ठेवलं. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि ज्यांच्यावर बोट ठेवलं होतं त्यांतला एकच त्यात निघाला. ही माणसं अनाडी नव्हती. समोर बसलेल्या माणसाचं बरं व्हावं असं मनापासून वाटत असलं की बिघाड दिसत नाही, इतकंच.

म्हणून मोजायचं. पण काय, कशानं आणि कधी, हे न ठरवता हाताला लागेल ती प्रश्नावली पुढं सरकवली तर आकडे जमतात आणि कळत काहीच नाही. पुढचं सगळं नवख्यांसाठी आहे. ज्यांच्याकडे संशोधनाचं मोठं काम आहे त्यांनी आपल्या मार्गदर्शकांना विचारावं.

पहिली पायरी: बदलायला काय हवंय?

साधनाचं नाव मनात येण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: या माणसाच्या बाबतीत काय बदललं तर मी आणि तो दोघंही म्हणू की काम झालं?

उत्तरं वेगवेगळी येतात. कधी त्रास कमी व्हायला हवा असतो, म्हणजे उदासी, धडधड, झोप. कधी त्रास थोडाफार राहिला तरी चालतो, पण माणूस कामाला लागायला हवा. शिरोली एमआयडीसीतला एखादा टर्नर घ्या. औषधानं आणि बोलण्यानं त्याची झोप सुधारली, रडू थांबलं, पण दोन महिने झाले तरी कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊन माघारी फिरतो. लक्षणांची प्रश्नावली म्हणेल, छान चाललंय. त्याची बायको म्हणेल, कशाचं काय. दोघांचंही खरं आहे. लक्षणं मोजली गेली आणि कामकाज मोजलंच नाही, म्हणून हा घोळ.

तेव्हा लक्षणं, रोजचं कामकाज, एकूण बरं वाटणं आणि त्या माणसाची स्वतःची तक्रार, हे चार निरनिराळे कप्पे समजा. सगळे एकदम मोजायला जाऊ नका. एक मुख्य कप्पा निवडा आणि त्याच्या जोडीला माणसाची स्वतःची तक्रार ठेवा. नवख्या समुपदेशकाला दोन साधनं पुरेत. पाच प्रश्नावल्यांचा गठ्ठा पहिल्या भेटीत उत्साहानं भरला जातो, तिसऱ्या भेटीपासून कपाटात जातो.

इथंच एक ठेच टाळा. अभ्यासक्रमात शिकलेल्या व्यक्तिमत्त्व चाचण्या आणि बुद्धिमापन यांचं इथं काम नाही. स्वभावाचे सहसा टिकून राहणारे पैलू पकडावेत म्हणूनच त्या चाचण्या बांधलेल्या असतात. सहा-आठ आठवड्यांत काय हललं ते त्यांत दिसत नाही. आपल्याला हवं आहे ते बदल टिपणारं साधन.

दुसरी पायरी: साधनांची ओळख

प्रौढांसाठी सुरुवात पीएचक्यू-९ पासून करा. नैराश्याच्या नऊ प्रश्नांची ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली. मागच्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती वेळा झाला, असं प्रत्येक प्रश्न विचारतो. उत्तरं चारच: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळपास रोज. त्यांना ० ते ३ गुण, म्हणजे बेरीज ० ते २७. पाच, दहा, पंधरा आणि वीस या चार खुणा लक्षात ठेवल्या की झालं: ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम ते तीव्र, २० पासून तीव्र. वापरायला पैसे पडत नाहीत, परवानगी मागावी लागत नाही, अधिकृत मराठी आवृत्ती मिळते आणि भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नऊ प्रश्नांनंतर आणखी एक प्रश्न असतो: या त्रासामुळं काम, घर आणि लोकांशी जमवून घेणं किती अवघड झालंय? तो बेरजेत धरत नाहीत, म्हणून बरेच जण तो विचारतही नाहीत. विचारा. वर सांगितलेल्या टर्नरची गोष्ट तिथंच सापडते.

चिंतेसाठी याच घराण्यातली जीएडी-७ आहे, २००६ सालची. सात प्रश्न, बेरीज ० ते २१, खुणा ५, १० आणि १५. या दोन्ही प्रश्नावल्या एकाच पाठपोट कागदावर बसतात. आपल्याकडे उदासी आणि चिंता सहसा हातात हात घालून येतात, त्यामुळं ही जोडी सोयीची पडते.

आता यांची कमजोर बाजू. पीएचक्यू-९ मध्ये झोप, थकवा, भूक आणि हालचाल-बोलण्याचा वेग हे चार प्रश्न सरळ शरीराशी जोडलेले आहेत. नुसत्या या चारांवर १२ गुण मिळू शकतात. हायपोथायरॉईड, रक्त कमी असणं, बाळंतपणानंतरचे महिने, सततची रात्रपाळी, यांतलं काहीही बेरीज वर नेऊ शकतं. म्हणून बेरजेसोबत प्रश्नवार उत्तरं वाचायची सवय लावा. दोन माणसांची बेरीज १४ असेल, पण एकाचे गुण झोप-थकव्यातून आलेले असतील आणि दुसऱ्याचे "आपण कुचकामी आहोत" या भावनेतून. त्यांच्याशी करायचं काम एक नाही.

बेकची नैराश्य प्रश्नावली, म्हणजे १९९६ ची बीडीआय-२, पुस्तकांत सगळीकडे दिसते. एकवीस प्रश्न, ० ते ६३ गुण, आणि पीएचक्यू-९ पेक्षा बारकाईनं बोलणारी. पण ती विकत घ्यावी लागते आणि झेरॉक्स काढून वापरणं बेकायदा आहे. बाजारात फिरणाऱ्या प्रतींच्या नादी लागू नका. हॅमिल्टनची १९६० ची नैराश्याची मापनश्रेणी तज्ज्ञानं मुलाखत घेऊन भरायची असते. तिचं प्रशिक्षण झालेलं नसेल तर ती मनोविकारतज्ज्ञांसाठी सोडा.

एकाच आजारापुरतं न पाहता एकूण मानसिक अवस्था पाहायची असेल तर ब्रिटनमध्ये तयार झालेली कोर-ओएम आहे: चौतीस प्रश्न, त्यांत बरं वाटणं, त्रास, कामकाज आणि जिवाला धोका असे चार भाग. दर भेटीला एवढं नको म्हणून तिचीच दहा प्रश्नांची धाकटी आवृत्तीही आहे. अमेरिकेतली ओक्यू-४५ भारदस्त आहे, पण परवान्याची. जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओ-५ मात्र नवख्यांनी जरूर पाहावी. पाचच प्रश्न आणि पाचही चांगल्या बाजूनं विचारलेले: मन प्रसन्न होतं का, सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटलं का, अशा धाटणीचे. बेरीज २५ पर्यंत जाते, तिला ४ नं गुणून शंभरात मांडतात. ज्या घरात "आमच्या पोराला वेड-बिड काय नाही" हे पहिलं वाक्य असतं, तिथं हिनं सुरुवात केली तर कुणी बिचकत नाही.

खास त्रासांसाठी खास साधनं आहेत. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, वाय-बॉक्स. दारूसाठी जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची ऑडिट. मुलांसाठी पालक आणि शिक्षक दोघांनाही भरता येणारी पंचवीस प्रश्नांची एसडीक्यू. आघातानंतरच्या त्रासासाठी पीसीएल-५, वीस प्रश्न, ० ते ८०. यातलं जे रोज लागतं तेवढंच नीट शिका.

पीसीएल-५ बद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं, कारण २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ आणि करवीर तालुक्यांत संस्थांची कामं सुरू झाली आणि अहवालासाठी "आधी-नंतर"चे आकडे लागतातच. ही प्रश्नावली मागच्या महिन्याबद्दल विचारते. समजा, तुम्ही चिखली-आंबेवाडी या पुराच्या गावांत फेब्रुवारीत पहिलं मोजमाप केलं, समुपदेशनाचे गट घेतले आणि दुसरं मोजमाप जुलैच्या शेवटी केलं. त्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची पातळी दर तासाला सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत असते, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका हे शाळकरी पोरालाही पाठ असतं. जनावरं कुठं हलवायची याची चर्चा चालू असताना गुण वर जाणारच. त्यावरून तुमचं काम फुकट गेलं असं ठरत नाही. उलट पहिलं मोजमाप जुलैत आणि दुसरं डिसेंबरात केलं, तर काही न करताही गुण उतरतील आणि अहवाल देखणा होईल. दोन्ही मोजमापं एकाच ऋतूत येतील असं वेळापत्रक करा. ते जमत नसेल तर अहवालात महिना ठळक लिहा.

तिसरी पायरी: निवडण्याआधीची तपासणी

साधन आवडलं की लगेच उचलू नका. ते किती भरवशाचं आहे याचा आकडा, म्हणजे विश्वासार्हता गुणांक, पाहा. तो ० ते १ मध्ये असतो. गटांच्या अभ्यासाला ०.७० चालतो, पण एका माणसाबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर ०.९० च्या आसपास असलेला बरा. कुठल्या काळाबद्दल विचारलंय ते पाहा. पीएचक्यू दोन आठवडे धरतं, कोर एक आठवडा, पीसीएल एक महिना. दर आठवड्याला भेटणाऱ्या माणसाला महिन्याभराबद्दल विचारत राहिलात तर चारपैकी तीन आठवडे तेच-तेच मोजलं जातं. परवान्याच्या अटी वाचा. आणि हे साधन भारतात, आपल्यासारख्या लोकांत कुणी वापरलंय का ते शोधा. फार लांब जायला नको. शेजारी गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांतून तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींचे उपचार दिले, त्याची चाचणी २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली. तिथं लोक निवडायला पीएचक्यू-९ वापरलं आणि तीन महिन्यांनी तीव्रता मोजायला बीडीआय-२. गाळणी एक आणि मोजपट्टी दुसरी ठेवण्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे: ज्या प्रश्नावलीवर जास्त गुण म्हणून माणूस निवडला, तिच्यावर पुढच्या वेळी गुण आपोआपही थोडे खाली येतात.

चौथी पायरी: मराठी आवृत्ती आणि कोल्हापूरची बोली

अधिकृत मराठी आवृत्ती असेल तर तीच घ्या. इंग्रजी कागद हातात धरून मनातल्या मनात भाषांतर करत विचारणं हा सगळ्यात सर्रास चालणारा प्रकार. मंगळवारी एक शब्द वापरला आणि पुढच्या मंगळवारी दुसरा, तर गुणांतला फरक माणसाचा की तुमच्या शब्दांचा? मराठी आवृत्ती नसेल आणि साधन हवंच असेल, तर साधनाच्या मालकांची परवानगी, दोघांनी स्वतंत्रपणे केलेली भाषांतरं, मूळ न पाहिलेल्या माणसाकडून पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर, मग दहा-बारा लोकांना वाचून दाखवून "तुम्हाला यातून काय समजलं?" अशी विचारपूस, इतकं सगळं करावं लागतं. एकट्या समुपदेशकाच्या आवाक्यातलं ते काम नाही. दुसरं साधन निवडा.

अधिकृत आवृत्तीतली मराठी पुस्तकी असते. कागदावरचं वाक्य आहे तसं वाचायचं, पुन्हा विचारलं तर पुन्हा तसंच वाचायचं. तरीही गाडी अडली तर समजावण्याचं वाक्य आधीच लिहून ठेवलेलं असावं आणि ते प्रत्येकाला तेच सांगावं. मी असा एक कागद प्रत्येक प्रश्नावलीच्या मागं टाचून ठेवते. "रस किंवा आनंद न वाटणे" यापाशी हटकून गाडी अडते. तिथं माझं ठरलेलं वाक्य: "एरवी जे करायला बरं वाटायचं, ते बी नको वाटतंय का?" एवढंच. त्यापुढं उदाहरणं देत सुटलं की उत्तर आपणच त्याच्या तोंडात घालतो.

आपल्याकडे लोक मनाचं दुखणं शरीरातून सांगतात हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. "डोस्क्यात भणभण हुतंय", "छातीवर दगड ठेवल्यागत वाटतंय", "काय सुदरंनाच झालंय". प्रश्नावलीत यातलं काही छापलेलं नसतं. म्हणून पुढची पायरी.

पाचवी पायरी: माणसाची स्वतःची मोजपट्टी

मला विचाराल तर नवख्यांनी सगळ्यात जास्त जीव इथं लावावा. छापील प्रश्नावली सगळ्यांना सारखे प्रश्न विचारते. समोरच्याचं ज्यावर अडलंय तेच तिच्यात नसेल, तर ती कितीही नावाजलेली असो, त्याच्या कामाची नाही.

पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीत त्याच्या शब्दांत दोन किंवा तीन तक्रारी लिहून घ्या. समजा, गंगावेशीतल्या एक साठीच्या काकी आहेत. (अशा अनेक जणींवरून रचलेलं हे उदाहरण आहे.) त्यांच्या तीन ओळी अशा: पहाटे जाग आली की धडधड होते. भावकीत कार्यक्रमाला जायला नको वाटतं. सुनेवर विनाकारण ओरडते. आता याला आकडा कसा लावायचा? "शून्य ते दहामध्ये किती?" असं विचारलं की काकी तुमच्या तोंडाकडं बघत बसतील. दहा सेंटिमीटरच्या रेषेवर खूण करायला सांगणारी ओआरएस नावाची चार रेषांची सुटसुटीत प्रश्नावली आहे, कॉलेजची पोरं ती झटक्यात भरतात. काकींना ती रेष परकी वाटते. पण त्यांनाच विचारा, "रुपयातले किती आणे बरं वाटतंय?" आणि उत्तर क्षणात येतं: "धडधड व्हय? त्यात चार आणे फरक हाय बघा. भावकीचं काय इचारू नका."

आणे व्यवहारातून कधीच गेले, तरी आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या डोक्यात ही सोळा खणांची पट्टी अजून शाबूत आहे. वापरा. प्रत्येक तक्रारीपुढं तारीख टाकून आणे लिहा: ०, ४, ४, ८, ६, १२. एकच पथ्य पाळा. "बरं किती" हे विचारायचं की "त्रास किती", ते पहिल्या दिवशी ठरवून कागदाच्या माथ्यावर लिहा. मधेच उलटलं की सगळं मुसळ केरात.

याचा जरा शिस्तशीर भाऊबंद म्हणजे किरेसुक आणि शेरमन यांनी १९६८ साली मांडलेली उद्दिष्टपूर्तीची श्रेणी. एका उद्दिष्टाच्या पाच पायऱ्या आधीच शब्दांत लिहायच्या, −२ पासून +२ पर्यंत. शून्य म्हणजे जेवढं अपेक्षित होतं तेवढं झालं. काकींच्या बाबतीत −२ म्हणजे कुठल्याच कार्यक्रमाला न जाणं, ० म्हणजे महिन्यात एकदा जाऊन तासभर बसणं, +२ म्हणजे बारशाला स्वतःहून पुढं होऊन पाळणा म्हणणं. लिहायला वेळ लागतो, पण एकदा लिहिलं की वाद राहत नाही. अशा वैयक्तिक पट्टीवरचे गुण फक्त त्या माणसाच्या आधीच्या गुणांशी ताडायचे. काकींचे आठ आणे आणि टर्नरचे आठ आणे यांची तुलना होत नाही, सरासरीही काढू नये.

सहावी पायरी: भरून कधी आणि कसं घ्यायचं

पहिलं मोजमाप उपचार सुरू होण्याआधी. ते राहून गेलं की पुढचे सगळे आकडे लोंबकळत राहतात. त्यानंतर शक्यतो प्रत्येक भेटीला, नाहीतर एकाआड एक, आणि भेट सुरू होण्यापूर्वी. मन मोकळं करून झाल्यावर भरलेला कागद त्या तासाभराचा हलकेपणा सांगतो, पंधरवड्याचं काही सांगत नाही. आणि साधन मधेच बदलू नका. काटा बदलला की वजन घटलं का काटाच वेगळा, हे कुणालाच सांगता येत नाही.

कागद कोण भरतंय त्यावर नजर ठेवा. बाहेरच्या बाकावर सासूबाई शेजारी बसून "लिही की, बरं हाय म्हणून" असं सांगत असतील तर तो कागद बाजूला ठेवा आणि आत आल्यावर पुन्हा विचारा. अक्षरओळख नसलेल्यांना वाचून दाखवा, पण मग दर वेळी वाचूनच दाखवा. आपल्या समोर उत्तर देताना माणूस थोडं गोड बोलतो, "मॅडमनी एवढं केलं, आता बरं न्हाई म्हणून कसं सांगायचं?" उलटही होतं. रजेचा दाखला किंवा कोर्टाचं काही प्रकरण अडकलेलं असलं की गुण फुगतात. सुरुवातीलाच सांगा: गुण कमी-जास्त आले म्हणून मला बरं-वाईट वाटणार नाही, पुढं काय करायचं ते ठरवायला मला खरं उत्तर हवंय.

तारखेच्या शेजारी एक छोटा रकाना ठेवा: या पंधरवड्यात वेगळं काही? नवरात्रात नऊ दिवस उपवास धरणाऱ्या बाईच्या पीएचक्यू-९ मध्ये भूक आणि थकवा वर जाणार. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप बिघडणार. बारावीच्या मुलाचे फेब्रुवारीतले गुण जूनमधल्या गुणांशी जुळणार नाहीत. हंगाम सुरू झाल्यावर ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर असणारा माणूस दोन महिने धड झोपत नाही. रकान्यात दोन शब्द असतील तर नंतर डोकं खाजवावं लागत नाही.

पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न सगळ्यांत आधी पाहा. मरण आलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का, असं तो विचारतो. तिथं शून्याखेरीज काहीही असेल तर बेरीज बाजूला ठेवा आणि त्याच भेटीत, शांतपणे, थेट विचारा: विचार किती वेळा येतो, काही ठरवलंय का, घरात साधन आहे का. शेतकरी घरात कीटकनाशक कुठं ठेवलंय हे विचारायचं विसरू नका. धोका वाटला तर माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवायचं आणि मनोविकारतज्ज्ञांकडं किंवा सीपीआर या सरकारी दवाखान्यात पोचवायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो प्रत्येक फॉर्मच्या तळाला छापून घ्या. हा प्रश्न असलेला कागद भरून घ्यायचा आणि संध्याकाळी सवडीनं तपासायचा, असं कधीही करू नका. ज्याला लगेच पाहायला जमणार नाही त्यानं तो कागद देऊच नये.

सातवी पायरी: आकडे वाचणं

पीएचक्यू-९ १६ वरून १४ वर आलं. फरक पडला? सांगता येत नाही. कुठल्याही प्रश्नावलीत दोन-चार गुण इकडंतिकडं होतातच. किती गुण हलले म्हणजे ते नुसतं हेलकावणं नव्हे, हे काढायची रीत जेकबसन आणि ट्रुॲक्स यांनी १९९१ साली मांडली. गणित शाळेतलंच आहे. समजा, प्रश्नावलीचं प्रमाण विचलन (लोकांचे गुण सरासरीभोवती किती पसरतात त्याचा आकडा) ६ आणि विश्वासार्हता ०.८५ आहे. १ मधून ०.८५ वजा करून वर्गमूळ काढा, ते साधारण ०.३९. त्याला ६ नं गुणा, २.३ च्या आसपास. दोन मोजमापं आहेत म्हणून १.४१ नं गुणा, ३.३. शेवटी ९५ टक्के खात्रीसाठी १.९६ नं गुणा, ६.४. म्हणजे या साधनावर ७ किंवा जास्त गुणांचा फरक पडला तरच तो खरा धरायचा.

दर वेळी हे करत बसायची गरज नाही, रूढ आकडे आहेत. पीएचक्यू-९ वर ५ गुणांची घट उपचारात अर्थपूर्ण मानतात. ब्रिटनच्या एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या समुपदेशन विभागात दर भेटीला पीएचक्यू-९ आणि जीएडी-७ भरून घेतात. तिथं पहिल्यावर ६ आणि दुसऱ्यावर ४ गुण हलल्याशिवाय बदल धरत नाहीत. माणूस बरा झाला म्हणायला पीएचक्यू-९ दहाच्या खाली आणि जीएडी-७ आठच्या खाली, दोन्ही यावं लागतं. २४ वरून १५ वर आलेला माणूस नक्की सुधारला, पण बरा झालेला नाही. ११ वरून ९ वर आलेला रेषेच्या खाली गेला, पण सुधारला असं म्हणायला पुरावा नाही. घरच्यांशी बोलताना या दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा.

आणखी एक जाण असू द्या. माणूस तुमच्याकडं येतो तो बहुधा त्याच्या सगळ्यात वाईट पंधरवड्यात. त्यानंतर काही उतार आपसूकही पडतो. त्यामुळं एका माणसाचे गुण उतरले म्हणजे तुमच्या थेरपीनंच उतरले असं छातीठोकपणे म्हणू नका. ते सिद्ध करायला तुलनेचा गट लागतो. रोजच्या कामात आपल्याला एवढंच कळायला हवं की गाडी पुढं चाललीय, थांबलीय की मागं येतेय.

आठवी पायरी: आकडा त्याच्यापुढं ठेवा

भरलेला कागद फाईलला लावून दिला तर मोजून उपयोग शून्य. चौकटीच्या कागदावर साधा आलेख काढा, दर भेटीला एक टिंब, आणि तो त्या माणसाच्या पुढ्यात ठेवा. "मागच्या वेळेपेक्षा दोन गुण वर गेलंय, तुम्हाला काय वाटतं, कशामुळं?" अशी सुरुवात पुष्कळ पुढं नेते. काही वेळा तो म्हणतो, "त्रास तेवढाच हाय, पर आता खरं लिवायला लागलोय." हेही नोंदवा.

चार ते सहा भेटी होऊनही टिंबं एका रेषेत असतील तर थांबून विचार करायचा: निदान बरोबर आहे का, औषधाची गरज आहे का, घरात मार किंवा दारू असं काही दडलंय का, आपले सूर जुळलेत का. शेवटच्या प्रश्नासाठी भेटीनंतर भरायची एसआरएस ही छोटी श्रेणी आहे. आपल्याकडे तिच्यावर सगळे पैकीच्या पैकी देतात. म्हणून आकड्याकडं फार न बघता पुढं विचारा, "पुढच्या वेळी मी एखादी गोष्ट वेगळी करायची असेल तर कुठली?" टिंबं सलग वर चालली असतील तर वाट पाहू नका, वरिष्ठांशी त्याच आठवड्यात बोला.

नोंदी आणि संस्थेचा अहवाल

कोल्हापूर मोठं दिसलं तरी पेठापेठांतून सगळे एकमेकांना ओळखतात. फॉर्मवर नाव नको, क्रमांक टाका, आणि नावांची यादी वेगळ्या कुलपात ठेवा. भरलेल्या फॉर्मचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवू नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ नं माणसाला त्याच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे, आणि आकडे कशासाठी वापरणार हे सांगून संमती घेणं तुमच्याकडं लागतं.

संस्थेचा अहवाल लिहिताना शेवटपर्यंत आलेल्यांचीच सरासरी काढायचा मोह होतो. चाळीस जणांनी सुरुवात केली आणि पंधराच उरले असतील, तर त्या पंधरांचे गुण चांगले असणं साहजिक आहे. किती जणांनी सुरुवात केली, किती गळाले, हे पहिल्या ओळीत लिहा. आणि गळालेल्यांचा शेवटचा भरलेला फॉर्म हिशोबात धरा. दर भेटीला मोजण्याचा हाही एक फायदा, कुणी न सांगता यायचं बंद केलं तरी हातात काहीतरी आकडा असतो.

काम संपल्यावर तीन महिन्यांनी एकदा फोन करून तीच प्रश्नावली घ्या. त्यासाठी संमती आधीच, शेवटच्या भेटीत घेऊन ठेवा, आणि कुठल्या वेळी फोन केलेला चालेल तेही लिहून घ्या. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हे त्या माणसाकडूनच ठरवून घ्यावं. बऱ्याच जणी सांगतात, "बचत गटातनं बोलतोय म्हणा."